कृष्णविवर गिळतं, मग झोत कुठून येतो?

मागच्या वेळी आपण घटना क्षितिजापर्यंत पोचलो होतो. तिथून आत गेलेलं काहीच परत येत नाही, हे आपण पाहिलं. आता एक अडचण बघा. १९१८ साली हेबर कर्टिस यांना एम-८७ दीर्घिकेच्या केंद्रातून निघालेली एक सरळ प्रकाशरेषा दिसली. तो हजारो प्रकाशवर्षं लांब झोत आहे, आणि त्याच्या बुडाशी आहे सुमारे ६५० कोटी सूर्यांइतक्या वस्तुमानाचं कृष्णविवर. मग एवढी ऊर्जा बाहेर येते कुठून?

आधी प्लाझ्मा समजून घेऊ. वायू फार तापला की अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात. विद्युतभारित कणांचं हे मिश्रण म्हणजे प्लाझ्मा. माळेतला मणी दोऱ्यावरून सरकतो, पण दोरा सोडून आडवा जात नाही ना? प्लाझ्मा आणि चुंबकीय बलरेषा यांचं नातं तसंच आहे. म्हणून प्लाझ्मा आत कोसळताना बलरेषाही ओढून नेतो आणि कृष्णविवरापाशी चुंबकीय क्षेत्र साठत जातं.

आता फिरणारं कृष्णविवर घेऊ. ते भोवतालचा अवकाशच सोबत फिरवतं. त्यामुळे बलरेषांची आतली टोकं फिरतात, बाहेरची मागे राहतात, आणि दोराला बसावा तसा पीळ बसतो. हा पीळ ऊर्जा घेऊन बाहेर सरकतो. १९७७ साली ब्लँडफर्ड आणि झ्नायेक यांनी हे गणिताने मांडलं. म्हणजे गिळलेलं काही परत येत नाही. खर्च होते ती फिरण्याची ऊर्जा, आणि कृष्णविवर हळूहळू मंदावतं. ही ऊर्जा वस्तुमानाच्या २९ टक्क्यांपर्यंत असू शकते. सूर्यात हायड्रोजनचं हेलियम होताना एक टक्कासुद्धा मिळत नाही!

पुरावा काय? २०२१ साली इव्हेंट होरायझन टेलिस्कोपच्या गटाने एम-८७च्या कड्याचं ध्रुवीभूत प्रकाशातलं चित्र दिलं. त्यावरून तिथलं क्षेत्र १ ते ३० गॉस निघालं. पृथ्वीचं साधारण अर्धा गॉस असतं. आकडा लहान वाटतो, पण हे क्षेत्र नेपच्यूनच्या कक्षेपेक्षा मोठ्या जागेत आहे आणि आत पडणाऱ्या वायूला थोपवण्याइतकं बळकट आहे.

तरी वाद मिटलेला नाही. भोवती फिरणाऱ्या वायूच्या तबकडीतूनही चुंबकीय क्षेत्र पदार्थ उडवू शकतं. यात कृष्णविवराचा वाटा किती आणि तबकडीचा किती, हे ठरवायचं तर कडं आणि झोताचं बूड एकाच चित्रात स्पष्ट दिसायला हवं.