अजिंठ्याचा घाट, जुनी मोटार आणि उष्णतेचा हिशेब

फर्दापूर डोंगराच्या पायथ्याशी आहे आणि अजिंठा गाव माथ्यावर. एवढी साधी गोष्ट लक्षात न घेतल्यामुळे लेणी पाहायला निघालेल्या अनेकांची समजूत असते, की संभाजीनगरहून निघालं की शेवटी घाट चढायचा. प्रत्यक्षात सिल्लोड, गोळेगाव, अजिंठा हा सगळा प्रवास पठारावरून होतो. अजिंठा गाव मागे पडल्यावर रस्ता घाट उतरतो आणि खानदेशाच्या तोंडाशी फर्दापूर लागतं. वाघूर नदीही याच उताराने तापीकडे जाते. चढ लागतो तो परतीच्या वाटेवर, किंवा जळगावहून येणाऱ्यांना. नव्या गाडीच्या चालकाला याचं सोयरसुतक नसलं तरी चालतं. पन्नास-साठ किंवा नव्वद वर्षांची गाडी घेऊन निघणाऱ्याला मात्र हा क्रम आधी समजून घ्यावा लागतो. सकाळच्या गारव्यात त्याच्या वाट्याला उतार येतो आणि लेणी पाहून निघेपर्यंत दुपार झालेली असते, तेव्हा चढ येतो. मे महिन्यात शेजारच्या जळगावचा पारा 43-44 अंशांवर जातो. सागाची पानं गळलेली असतात, काळा बसाल्ट उन्हात तापलेला असतो. पावसाळ्यात हिरवागार दिसणारा हा डोंगर उन्हाळ्यात जवळजवळ वाळवंटासारखा कोरडा असतो. जुन्या गाड्या आणि घाट यांविषयीचे बहुतेक गैरसमज मुळात या उष्णतेचा विचार न केल्यामुळे झाले आहेत.

सर्वांत पक्का गैरसमज ताकदीचा. वीस अश्वशक्तीची गाडी घाट काय चढणार, असं आजच्या शंभर अश्वशक्तीच्या गाड्यांना सरावलेल्या माणसाला वाटतं. हिशेब करून पाहू. माणसांसकट एक टन वजनाची गाडी ताशी 20 किलोमीटर वेगाने 20 फुटांत 1 फूट चढणाऱ्या रस्त्यावरून न्यायची, तर निव्वळ चढासाठी चार अश्वशक्तीही पुरते. टायर आणि रस्त्याच्या घर्षणाची दीड-एक धरा. चढ 14 फुटांत 1 फूट असला, तरी एकूण गरज सातच्या आसपास राहते. फोर्डची 'मॉडेल टी' 20 अश्वशक्तीची होती, 1922 मध्ये आलेली इवलीशी ऑस्टिन सेव्हन जेमतेम 10 अश्वशक्तीची, पण तिचं वजनही त्याच मानाने कमी. आपल्याकडे घरोघरी माहीत असलेल्या फियाट 1100 ला 1089 सीसीचं सुमारे 40 अश्वशक्तीचं इंजिन होतं. म्हणजे ताकद शिल्लक राहते. वेग कमी मिळतो, एवढंच.

शिवाय आपले घाटरस्ते मोटारीपेक्षा जुने आहेत. बोर घाटाचा गाडीरस्ता 1830 मध्ये खुला झाला, आणि कार्ल बेंझला त्याच्या मोटारीचं पेटंट मिळालं 1886 मध्ये. ज्या रस्त्यावरून भरलेली बैलगाडी ओढायची, त्याचा चढ बैलाच्या ताकदीने ठरतो. आजही इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांनुसार डोंगराळ भागात नेहमीचा चढ 5 टक्के धरला जातो आणि अपवाद म्हणून 7 टक्क्यांपर्यंत नेला जातो. जुन्या गाड्या घाटात उलट्या चढवाव्या लागत, ही गोष्टही अनेकदा ऐकू येते. ती मॉडेल टीपुरती खरी आहे, पण अर्धवट. तिची पेट्रोलची टाकी पुढच्या सीटखाली होती आणि पेट्रोल केवळ उताराने कार्ब्युरेटरकडे वाहायचं. फार तीव्र चढावर, टाकीत पेट्रोल कमी असलं, तर ते पोचेनासं व्हायचं. मग चालक गाडी वळवून रिव्हर्समध्ये वर नेत, कारण तशी टाकी कार्ब्युरेटरच्या वर राहायची, शिवाय रिव्हर्स गिअर तिच्या लो गिअरपेक्षाही ताकदवान होता. पाच-सात टक्क्यांच्या रस्त्यावर ही वेळ येत नाही. टाकी भरलेली ठेवणं पुरेसं असतं.

यावर आक्षेप येतो आणि तो रास्त आहे: ताकद पुरेशी होती, तर पूर्वी प्रत्येक घाटात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या फियाट आणि अँबेसेडर का दिसायच्या? त्या दमलेल्या नव्हत्या, तापलेल्या होत्या. जुन्या इंजिनात जळलेल्या पेट्रोलच्या ऊर्जेचा जेमतेम पाचवा हिस्सा चाकांना मिळतो. उरलेली सगळी उष्णता धुराड्यातून आणि रेडिएटरमधून बाहेर टाकावी लागते. घाटात इंजिन जास्त पेट्रोल जाळतं, पण गाडी हळू चालत असल्याने रेडिएटरवर येणारा वारा कमी पडतो. गाडीच्या दिशेनेच वारा वाहत असेल, तर तोही हातभार लावत नाही. त्यातून जळगावकडच्या केळीच्या ट्रकमागे अडकून गाडी थांबत-सरकत चालली, की इंजिन उष्णता निर्माण करत राहतं आणि ती घेऊन जाणारी हवाच मिळत नाही. अजिंठ्याच्या घाटात जुनी गाडी अडचणीत येते ती बहुतेकदा चढामुळे नव्हे, या खोळंब्यामुळे. म्हणून मोकळ्या रस्त्यावर सावकाश चढणारी गाडी गर्दीत अडकलेल्या गाडीपेक्षा सुखरूप असते.

जुन्या गाड्यांत पाणी फिरवण्याची तऱ्हाही वेगळी होती. मॉडेल टी आणि ऑस्टिन सेव्हनसारख्या गाड्यांत पाण्याचा पंपच नव्हता. तापलेलं पाणी हलकं होऊन वर चढतं आणि रेडिएटरमध्ये थंड होऊन खाली उतरतं, या नैसर्गिक चक्रावरच त्या चालत. ही योजना उत्तम आहे, पण तिला एक अट आहे. पाण्याची पातळी वरच्या नळीच्या खाली गेली, की चक्र तुटतं. रेडिएटर अर्धा भरलेला असूनही इंजिनाभोवतीचं पाणी मग जागच्या जागी उकळायला लागतं. 'थोडंच तर कमी आहे' हा दिलासा इथे महागात पडतो. आजच्या गाडीत रेडिएटरच्या झाकणाने दाब धरला जातो, त्यामुळे पाणी 120 अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या बहुतेक गाड्यांचा रेडिएटर मोकळा असे. त्यात पाणी शंभरच्या आसपासच उकळतं, आणि समुद्रसपाटीपासून दर 300 मीटर उंचीला हा बिंदू अंशभर खाली येतो. त्यामुळे अशा गाडीतून वाफ दिसली म्हणजे इंजिन संपलं, असं मुळीच नाही. वाफ ही सूचना आहे. नुकसान होतं ते ती सूचना मिळूनही गाडी रेटल्यामुळे.

वाफ दिसल्यावर जे केलं जातं, त्यात तर आणखी चुका आहेत. झाकण लगेच उघडलं, तर उकळतं पाणी थेट अंगावर येतं. गार पाणी तापलेल्या ओतीव लोखंडावर पडलं, तर ब्लॉक किंवा हेड तडकू शकतं, आणि नव्वद वर्षांपूर्वीचा ब्लॉक बाजारात मिळत नाही. गाडी सावलीत उभी करून थंड होऊ देणं आणि मग इंजिन चालू ठेवून थोडं-थोडं पाणी घालणं, याला पर्याय नाही. दुसरी चूक गिअरची. वरच्या गिअरमध्ये इंजिन कमी फिरतं म्हणून कमी तापेल, असं वाटतं. पण इंजिनावरचा पंखा आणि, असेल तर, पंपही इंजिनाच्या फेऱ्यांवर फिरतो. खालच्या गिअरमध्ये फेऱ्या वाढतात, हवा आणि पाणी जास्त फिरतं आणि प्रत्येक स्फोटाचा भारही हलका होतो. कण्हत-कुथत वरच्या गिअरमध्ये चढणारी गाडी आधी तापते. ज्या गाड्यांत ठिणगीची वेळ हाताच्या दांडीने बदलायची असते, त्यांत सुरू करताना मागे घेतलेली दांडी पुढे करायला विसरलं, तर ज्वलन उशिरा होतं आणि सपाट रस्त्यावरही इंजिन भाजून निघतं. अमेरिकेत डेथ व्हॅलीतून वर चढणाऱ्या रस्त्यांवर रेडिएटरच्या पाण्याच्या टाक्या उभ्या केलेल्या आहेत आणि चढावर वातानुकूलन बंद ठेवण्याच्या पाट्या लावल्या आहेत. आजच्या दणकट गाड्यांनाही वाळवंटी चढावर हीच काळजी घ्यावी लागते, तेव्हा जुन्या गाडीला वेगळा दोष देण्यात अर्थ नाही.

पेट्रोलविषयीचा समज थोडक्यात निकालात काढता येतो. महाग, जास्त ऑक्टेनचं पेट्रोल भरलं की घाट सोपा जातो, हे खरं नाही. जास्त ऑक्टेनची गरज जास्त दाबाच्या इंजिनाला असते. मॉडेल टीचं दाबगुणोत्तर चारच्या आसपास होतं आणि आपल्याकडचं साधं पेट्रोलही 91 ऑक्टेनच्या खाली नसतं. काळजी करायची ती इथेनॉलची. वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुने रबरी नळ आणि वॉशर फुगतात. जुन्या कार्ब्युरेटरमधल्या बुचाच्या तरंगत्या गोळ्यावर लाखेचा लेप असेल, तर तो अल्कोहोलमध्ये विरघळतो. नळी धुराड्याजवळून जात असेल, तर उन्हाळ्यात पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटतो आणि चालक इंजिनाला दोष देतो. नळ्या बदलणं आणि त्या उष्णतेपासून दूर नेणं हे काम घरी, घाटाला लागण्याआधी करायचं आहे.

आता उताराकडे येऊ. 'चढ गेला, आता काय, गाडी आपोआप उतरेल' या समजुतीइतकी धोकादायक समजूत दुसरी नाही. 1888 मध्ये बर्था बेंझ नवऱ्याची तीनचाकी मोटार घेऊन मानहाइमहून फोर्ट्सहाइमला गेली. मोटारीच्या इतिहासातला पहिला लांबचा प्रवास म्हणून तो ओळखला जातो. चढांवर गाडी ढकलावी लागली, आणि उतारांवर लाकडी ब्रेक झिजले म्हणून तिने वाटेत त्यांवर चामडं बसवून घेतलं. चढावर जी ऊर्जा गाडीत साठते, ती उतारावर कुठेतरी सोडावीच लागते. एक टनाची गाडी 100 मीटर खाली आली, की सुटणाऱ्या ऊर्जेत साधं तीन लिटर पाणी उकळीला येईल. ही सगळी ऊर्जा ब्रेकवर टाकली, तर ड्रम तापून फुगतात, आतले शूज त्यांच्यापासून लांब राहतात आणि पाय नेहमीपेक्षा खोल जातो. लायनिंगची पकडही सुटत जाते. हायड्रॉलिक ब्रेक असतील, तर वर्षानुवर्षं न बदललेल्या तेलाने हवेतला ओलावा शोषलेला असतो. तेही उकळतं आणि पेडल एकदम पोकळ लागतं. 1927 पर्यंत बनलेल्या मॉडेल टीला तर चारही चाकांना ब्रेक कधीच नव्हते. पाय सतत हलका दाबून ठेवला की ब्रेक जपले जातात, असंही मानलं जातं. त्याने उलट ड्रमना थंड व्हायला क्षणभरही मिळत नाही. थोडा वेळ जोरात दाबून मग सोडणं केव्हाही चांगलं.

न्यूट्रलवर उतरून पेट्रोल वाचवणारे अजूनही भेटतात. कार्ब्युरेटरच्या गाडीत गिअरमध्ये राहूनही पाय उचलला, की इंजिन जवळजवळ आयडलिंगइतकंच पेट्रोल घेतं, म्हणजे बचत नगण्य. त्या बदल्यात इंजिनाचा रोध हातचा जातो. बऱ्याच जुन्या गिअरबॉक्सना गिअर सहज जुळवून देणारा सिंक्रोमेश नसल्याने एकदा गिअर सुटला, की दुहेरी क्लच करूनही तो परत पडेलच याची खात्री नसते, आणि वेग तर वाढतच असतो. म्हणून उतार सुरू होण्याआधीच गिअर ठरवून टाकायचा. ज्या गिअरने घाट चढता येतो, त्याच गिअरने उतरावं हा जुन्या चालकांचा दंडक शास्त्रशुद्ध आहे. याने इंजिन झिजतं, असा आक्षेप घेतला जातो. बंद थ्रॉटलवर सिलिंडरमध्ये निर्वात तयार होतो आणि झिजलेल्या इंजिनात थोडं तेल वर ओढलं जातं, हे खरं आहे. घाटाखाली पुन्हा गाडी रेटली की निघणारा निळसर धूर तोच. पण तेल ओतता येतं. दरीत गेलेली गाडी परत मिळत नाही, माणूस तर नाहीच. आणि उतारावरच्या माणसाने एक नियम पाळायचा आहे: रस्ता पुरेसा रुंद नसेल, तिथे चढणाऱ्याला आधी वाट द्यायची.

राहिला कायद्याविषयीचा गैरसमज. पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात जाते, असं महाराष्ट्रात नाही. खासगी गाडीची नोंदणी तपासणीनंतर नव्याने करता येते. 2021 च्या जुलैमध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं झालेली आणि चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार न केलेली खासगी दुचाकी-चारचाकी त्यात येते. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, फेरनोंदणीला 5,000, मुदत 10 वर्षं आणि क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरं. ही गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन अशा कारणांसाठीच आणता येते. 'व्हिंटेज' म्हणजे कुठलीही जुनी गाडी नव्हे, हे यातून स्पष्ट होतं. इंग्लंडमधल्या शौकिनांची व्याख्या तर आणखी कडक आहे: 1919 ते 1930 या काळात बनलेल्याच गाड्या.

शेवटचे चार किलोमीटर मात्र कुठल्याच खासगी गाडीचे नाहीत. फर्दापूरच्या टी-पॉइंटपासून लेण्यांपर्यंत बसनेच जावं लागतं, कारण वाहनांचा धूर भित्तिचित्रांच्या दारापर्यंत नेऊ नये असं ठरलं आहे. जुन्या गाडीच्या धुराला तर कुठलीच गाळणी नसते, त्यामुळे हा नियम आपल्यालाच सर्वांत जास्त लागू आहे. गाडी तिथेच सावलीत लावा, इंजिन थंड होऊ द्या, वरच्या नळीपर्यंत पाणी आहे ना ते पाहा आणि ऊन उतरल्यावर घाट चढा.