रांग का सरकत नाही?

सरकारी रुग्णालयातील ताटकळण्यामागे मनुष्यबळाची कमतरता आहे, तसेच एक गणितही आहे

रविवारी बाह्यरुग्ण विभाग बंद असतो आणि सोमवारी दोन दिवसांचे रुग्ण एकदम येतात. त्यामुळे जिल्हा रुग्णालयातली सोमवारची सकाळ म्हणजे जत्राच. जालन्याला भोकरदन, जाफराबाद, परतूर, मंठा अशा तालुक्यांतून सकाळची एसटी पकडून आलेला माणूस आधी केसपेपरच्या रांगेत उभा राहतो. मग डॉक्टरांच्या दाराशी, मग रक्त तपासणीला आणि शेवटी औषधाच्या खिडकीसमोर. रिपोर्ट उद्या मिळणार असेल तर दुसरी फेरी ठरलेलीच. दिवस गेला, रोज बुडाला आणि डॉक्टरांनी धड बघितलेही नाही, ही तक्रार म्हणूनच घरोघरी ऐकू येते.

ही तक्रार वावगी नाही. ६७ देशांतील प्राथमिक उपचारांचा आढावा घेणारा एक अभ्यास २०१७ मध्ये ‘बीएमजे ओपन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. स्वीडनमध्ये डॉक्टर एका रुग्णाला सरासरी साडेबावीस मिनिटे देतात, बांगलादेशात ४८ सेकंद. भारताचा आकडा होता सुमारे दोन मिनिटे. एवढ्या वेळात आधीचे आजार, चालू गोळ्या, घरची परिस्थिती हे सगळे विचारून होत नाही.

खालची पायरी निसटली की

१ मे १९८१ रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला. आज त्यात आठ तालुके आहेत आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या साडेएकोणीस लाखांच्या वर होती. सरकारी आरोग्यसेवेची रचना पायऱ्यांची आहे. साधारण पाच हजार लोकांमागे उपकेंद्र, तीस हजारांमागे प्राथमिक आरोग्य केंद्र, त्यावर ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालय आणि मग जिल्हा रुग्णालय. सर्दी-ताप, रक्तदाबाच्या गोळ्या, जखमेचे ड्रेसिंग हे खालीच निभावे आणि अवघड तेवढेच वर जावे, असा त्यामागचा विचार.

पण खालच्या केंद्रात डॉक्टरची जागा रिकामी असेल, तपासणीची सोय नसेल किंवा औषध संपले असेल, तर रुग्ण थेट जालना गाठतो. जालन्यातही सोय झाली नाही, तर त्याला साठेक किलोमीटरवरच्या छत्रपती संभाजीनगरला ‘घाटी’त पाठवले जाते. तिथे मराठवाड्याच्या इतर जिल्ह्यांचाही भार असतो. हा भार पेलेनासा झाला की काय होते, हे नांदेडने दाखवले. २०२३ च्या सप्टेंबरअखेरीस तिथल्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यात १२ नवजात बालके होती. उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली.

त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. गरिबाला त्याचा आधार मिळाला. मात्र खिडकीवरचे पैसे वाचले तरी बुडालेली मजुरी, सोबत आलेल्या माणसाची मजुरी आणि दोन वेळचे भाडे हा खर्च उरतोच.

रांगेचे शास्त्र

रांगेचा शास्त्रीय अभ्यास दवाखान्यात सुरू झाला नाही. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतील गणितज्ञ आग्नेर एरलांग यांनी १९०९ मध्ये फोनच्या लाइन किती ठेवाव्यात यासाठी हे गणित मांडायला सुरुवात केली. पुढे त्याचेच शास्त्र बनले.

समजा, एका डॉक्टरला एका रुग्णामागे सरासरी पाच मिनिटे लागतात आणि रुग्ण आगेमागे, कसेही येतात. डॉक्टरचा ८० टक्के वेळ कामात जात असेल, तर रुग्णाला सरासरी २० मिनिटे थांबावे लागते. हा भार ९० टक्के झाला की ४५ मिनिटे आणि ९५ टक्के झाला की ९५ मिनिटे. म्हणजे शेवटच्या टप्प्यात गर्दी थोडीशी वाढली तरी थांबणे दुपटीवर जाते. उलट बाजूनेही तेच खरे आहे. भार थोडा हलका केला तरी रांग बरीच आखूड होते.

सगळे एकाच वेळी आले तर गणित आणखी बिघडते. सकाळी नऊला १२० जण जमले आणि प्रत्येकाला दोन मिनिटे दिली, तरी शेवटच्याची पाळी येते एक वाजता. ब्रिटनमध्ये नॉर्मन बेली यांनी १९५२ मध्ये नेमके हेच तपासले. डॉक्टर एक मिनिटही रिकामा बसू नये म्हणून सगळ्यांना एकदम बोलावले जाते आणि ताटकळतात रुग्ण. त्यांनी सुचवलेला उपाय सोपा होता. सुरुवातीला दोघांना बोलवा आणि पुढे ठरावीक अंतराने एकेकाला वेळ द्या. डॉक्टरचा वेळ फारसा वाया न जाता रुग्णांचे थांबणे कितीतरी कमी होते.

काय करता येईल

जालन्यात २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, एमबीबीएसच्या १०० जागांसह. पण अभ्यासक्रम आणि इंटर्नशिप मिळून साडेपाच वर्षे जातात, म्हणजे पहिली तुकडी २०३० च्या सुमारास बाहेर पडेल. रांगेला तोवर थांबता येणार नाही. मधुमेह, रक्तदाबाच्या जुन्या रुग्णांना महिन्याच्या गोळ्या गावाजवळच्या केंद्रात देणे, फेरतपासणीला वेळ ठरवून देणे, गावानुसार एसटीच्या वेळा पाहून नंबर देणे आणि रक्ताचे रिपोर्ट मोबाइलवर पाठवणे यासाठी नवी इमारत लागत नाही.

रुग्णांनीही काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. तातडीचे नसेल तर सोमवार टाळावा. जुने केसपेपर, रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत. दोन मिनिटांत तीच कामी येतात. ‘आभा’ क्रमांक असेल, तर जिथे क्यूआर कोडची सोय आहे तिथे नोंदणीची रांग वाचते. छातीत दुखणे, धाप लागणे, बेशुद्धी, तोंड वाकडे होणे, गरोदरपणात रक्तस्राव किंवा बाळाने दूध सोडणे, यांपैकी काहीही असेल तर ओपीडीच्या रांगेत उभे राहू नये. थेट अपघात विभाग गाठावा किंवा १०८ वर फोन करावा. अशा रुग्णाला आधी तपासणे हा नियमच आहे. त्याच्या मागे थांबलेल्यांनी ते समजून घेतले, तर एखादा जीव वाचू शकतो.