पिकअपचा टायर नेमका किती किलो पेलतो? उत्तर टायरवरच लिहिलेलं असतं, पण ते वाचतं कोण!

संगमनेर तालुक्याच्या पठार भागात टोमॅटोचा हंगाम सुरू झाला की एक दृश्य रोजचं असतं. मळ्याच्या बांधाला पिकअप लागते. हौद्यात कॅरेटवर कॅरेट चढतात. मग गाडी ढेकळांतून निघते, मुरमाच्या शिवाररस्त्याला लागते, एखादा ओढा ओलांडते आणि डांबरीवर येते. तिथून पुणे-नाशिक महामार्ग आणि संगमनेरकडे यायचं असेल तर चंदनापुरी घाटाचा उतार.

ऑफ-रोडिंग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर चिखल उडवणारी हौशी जीप येते. पण खरं ऑफ-रोडिंग हा पिकअपवाला रोज करतो, तेही टनभर माल पाठीवर घेऊन. गाडीचा हप्ता, मालाचा भाव आणि ड्रायव्हरचा जीव, सगळं चार टायरांवर असतं.

तरीही टायर बदलायची वेळ आली की दुकानात दोनच प्रश्न विचारले जातात. "किती प्लायचा आहे?" आणि "कितीला बसेल?" खरा प्रश्न तिसराच आहे. हा टायर किती किलो पेलतो?

तो आकडा कुठे असतो?

टायरच्या बाजूवर एक माप कोरलेलं असतं. समजा '२१५/७५ आर १५' असं आहे. यात २१५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ७५ टक्के. 'आर' म्हणजे रेडियल आणि १५ म्हणजे रिमचा व्यास, इंचात.

यापुढे आणखी एक जोडी असते, उदाहरणार्थ '१०६/१०४ क्यू'. आपल्या कामाची गोष्ट हीच. याला लोड इंडेक्स म्हणतात. १०६ म्हणजे १०६ किलो नव्हे, हा एक सांकेतिक आकडा आहे. त्याचा अर्थ असा:

- १०० म्हणजे ८०० किलो
- १०४ म्हणजे ९०० किलो
- १०६ म्हणजे ९५० किलो
- १०८ म्हणजे १,००० किलो
- ११० म्हणजे १,०६० किलो
- ११२ म्हणजे १,१२० किलो
- ११४ म्हणजे १,१८० किलो

हे वजन एका टायरचं. दोन आकडे असतील तर पहिला एका बाजूला एकच टायर असलेल्या गाडीसाठी आणि दुसरा जोडटायरांसाठी. नेहमीच्या पिकअपला मागे एका बाजूला एकच टायर असतो, म्हणून पहिला आकडा बघायचा. शेवटचं अक्षर वेगाची मर्यादा सांगतं. 'क्यू' म्हणजे ताशी १६० किलोमीटर.

मग प्लायचं काय?

पूर्वी टायर सुती कापडाच्या थरांचे बनायचे. जितके थर, तितका टायर दणकट. आज रेडियल टायरच्या बाजूत एक-दोनच थर असतात, तेही पॉलिस्टरसारख्या धाग्याचे, आणि नक्षीखाली पोलादी तारांचे पट्टे असतात. त्यामुळे '८ पीआर' लिहिलेल्या टायरमध्ये आठ थर मोजायला गेलात तर सापडणार नाहीत. जुन्या आठ थरांच्या टायरइतकी ताकद, एवढाच त्याचा अर्थ.

अमेरिकी पद्धतीच्या एलटी, म्हणजे हलक्या मालवाहू गाड्यांच्या टायरवर याच ताकदीसाठी अक्षरं असतात. 'सी' म्हणजे ६ प्लाय, 'डी' म्हणजे ८ आणि 'ई' म्हणजे १०.

वजन टायर नाही, हवा पेलते

सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे. जाड टायर घेतला की जास्त माल भरता येतो, असं वाटतं. प्रत्यक्षात वजन आतली हवा उचलते. जाड टायर फक्त जास्त हवा सहन करतो.

एलटी २४५/७५ आर १६ या मापाचं उदाहरण घेऊ. त्याच्या तक्त्यानुसार ३५ पीएसआय हवेला हा टायर साधारण ७७० किलो पेलतो, ५० ला १,००० किलो, ६५ ला सुमारे १,१९० आणि ८० ला सुमारे १,३८० किलो. 'सी' ची मजल ५० पीएसआयपर्यंत, 'डी' ची ६५ आणि 'ई' ची ८० पर्यंत.

म्हणजे महागडा 'ई' टायर बसवला आणि हवा ५० च ठेवली, तर तो 'सी' इतकंच वजन पेलेल. टायरवर लिहिलेले किलो हे त्यासोबत लिहिलेल्या हवेचे किलो असतात. हवा कमी, तर किलोही कमी.

आपल्या गाडीला किती लागतं, हे कसं काढायचं?

गाडीचं एकूण वजन भागिले चार, हा हिशेब चुकीचा आहे. पिकअपमध्ये मालाचा जवळजवळ सगळा भार मागच्या चाकांवर येतो.

सोपा उपाय म्हणजे वजनकाटा. नेहमीचा माल भरलेली गाडी आधी पूर्ण तोलायची. मग पुढची चाकं काट्याच्या बाहेर, सपाट जागेवर ठेवून फक्त मागची चाकं तोलायची. आलेल्या वजनाचे दोन भाग करायचे.

समजा रिकामी गाडी १,७०० किलोची आहे. त्यात ५० किलोच्या २४ कांदा गोण्या भरल्या, म्हणजे १,२०० किलो. एकूण झाले २,९०० किलो. त्यातले मागच्या चाकांवर १,९०० आले, तर एका टायरवर ९५० किलो. म्हणजे १०६ चा टायर काठोकाठ भरला. हातात काहीच शिल्लक नाही.

आता त्याच गाडीत ४० गोण्या भरल्या तर? वाढीव ८०० किलो बहुतेक मागेच येतात. एका मागच्या टायरवर १,३०० किलोंच्या वर भार जातो. १०६ च काय, ११४ चा टायरही इथे कमी पडतो.

कच्च्या रस्त्यावर हिशेब का बदलतो?

वरचा हिशेब सपाट जमिनीवरचा आहे. शिवाररस्त्यावर गाडी एका बाजूला कलते, तेव्हा खालच्या टायरवर निम्म्याहून जास्त भार येतो. चाक खड्ड्यात आदळलं की क्षणभर तो आणखी वाढतो. म्हणून काठोकाठ आकडा न घेता थोडी शिल्लक ठेवावी लागते. ९५० किलोची गरज असेल तर १०६ ऐवजी १०८ किंवा ११० कडे बघणं शहाणपणाचं.

दुसरा पेच हवेचा. चिखलात, वाळूत पकड मिळावी म्हणून हवा कमी करतात. रिकाम्या गाडीला हे ठीक आहे. भरलेल्या गाडीची हवा काढली की टायरची क्षमताही तितकी उतरते. तशी वेळ आलीच तर माल कमी, वेग अगदी हळू, आणि डांबरी लागताच हवा पूर्ववत.

इथेच खरा धोका आहे. कमी हवेचा किंवा जास्त भाराचा टायर फिरताना जास्त दबतो, वाकतो आणि आतून तापतो. आतले थर सुटू लागतात. दगडाचा मार शेतात बसतो, पण टायर फुटतो तो बऱ्याचदा नंतर, महामार्गावर वेग वाढल्यावर किंवा घाट उतरताना. टायरच्या बाजूला फुगा आलेला दिसला, तर तो टायर 'अजून एक फेरी' चालवायचा नसतो.

मग सगळ्यात दणकट टायरच घ्यावा का?

तसंही नाही. जास्त क्षमतेचा टायर जड आणि कडक असतो. रिकामी गाडी उड्या मारते, दगडगोट्यांवर पकड कमी मिळते आणि डिझेलही जास्त जातं. शिवाय रिमलाही हवेची आणि वजनाची मर्यादा असते. ८० पीएसआयचा टायर जुन्या रिमवर चढवण्याआधी ती मर्यादा बघावी लागते.

उलट, दिसायला रुबाबदार म्हणून मोटारीचे टायर पिकअपला बसवणारेही आहेत. त्यांचा लोड इंडेक्स मालाच्या कामात जसाच्या तसा धरत नाहीत. अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे त्याला १.१ ने भागतात. म्हणजे १,००० किलोचा टायर पिकअपवर साधारण ९१० किलोचाच समजायचा.

पाटे वाढवले की झालं?

नाही. मागचे पाटे वाढवल्याने गाडी बसत नाही, एवढंच. टायर, ब्रेक आणि अ‍ॅक्सलची क्षमता आहे तीच राहते. गाडी दबलेली दिसत नसल्यामुळे भार जास्त झाल्याचं लक्षातही येत नाही.

कायद्याच्या नजरेत मर्यादा नोंदणीपत्रातल्या वजनाचीच असते. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ नुसार जादा मालासाठी २०,००० रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये आहेत. जादा माल उतरवण्याचा खर्चही गाडीवाल्याच्याच माथी.

दुकानात जाण्याआधी

- दाराजवळच्या पट्टीवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत कंपनीने दिलेलं माप, लोड इंडेक्स आणि हवा बघा. त्यापेक्षा कमी इंडेक्स घेऊ नका.
- एकाच अ‍ॅक्सलवर दोन वेगळ्या क्षमतेचे टायर नकोत.
- स्टेपनीही त्याच क्षमतेची हवी. आडरानात तीच मागच्या चाकाला लागणार असते.
- टायरवरचे शेवटचे चार आकडे उत्पादनाची तारीख सांगतात. '२३२४' म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. पडून राहिलेला जुना टायर नवा म्हणून घेऊ नका.
- नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर नियमानेही बाद.
- हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. तापलेल्या टायरमध्ये हवा जास्त दाखवते. ती बघून हवा सोडली तर थंड झाल्यावर कमी भरते.

वजनकाट्याची पावती शंभरेक रुपयांच्या आतबाहेर होते. ती खिशात असेल, तर टायरच्या दुकानात "किती प्लायचा?" ऐवजी "एका चाकावर एवढे किलो आहेत, एवढा इंडेक्स द्या" असं सांगता येतं.

दुकानदाराला नेमका टायर काढून द्यायला तेवढं पुरेसं आहे.