आठ फुटी शीट आणि तीन फुटी टेबल



एरवी या पानावर आम्ही लागण, खोडवा आणि खतांचे हप्ते यांविषयी लिहितो. या वेळी विषय सुतारकामाचा आहे, पण तो निघाला उसातूनच. सणसर आणि लासुर्णे यांच्या दरम्यान, नीरा डाव्या कालव्याच्या भिजाखालचे आपले एक सभासद एक डोळ्याची रोपे घरीच तयार करतात. रोपांचे ट्रे ट्रॉलीत एकावर एक रचता येत नाहीत, रोपे दबतात. म्हणून त्यांनी ट्रॉलीत बसेल अशी कप्प्यांची मांडणी करायची ठरवली आणि ८ बाय ४ फुटांची, १९ मिलिमीटर जाडीची प्लायची शीटे आणली. असे एक शीट तीस-पस्तीस किलो भरते.

आम्ही ऊसनोंदीसाठी गेलो, तेव्हा गावातल्या मिस्त्रींकडे करवत मशीनवर हे काम चालले होते. मिस्त्री म्हणाले, "साहेब, जरा पलीकडनं धरता का?" आम्ही धरले. टेबल जेमतेम तीन फुटी. शीट निम्मे पुढे आले तसे आमच्याकडचे टोक झुकू लागले. आम्ही शहाणपणा करून ते वर उचलले आणि आपल्याकडे ओढले. काप पात्यावर आवळला, मोठा आवाज झाला आणि शीट उलटे जाऊन मिस्त्रींच्या बरगडीला लागले. ते पात्याच्या रेषेत नव्हते, थोडे बाजूला उभे होते, म्हणून मुका मार लागण्यावर निभावले. त्यांचा हात पात्यापासून वीतभरच लांब होता. चूक आमची होती.

असे का होते ते नंतर मिस्त्रींनीच समजावले. पात्याचे पुढचे दात लाकूड टेबलावर दाबतात, पण मागचे दात खालून वर येतात. शीट वाकडे झाले किंवा काप मिटला, की हे मागचे दात त्याला उचलतात आणि कापणाऱ्याच्या अंगावर फेकतात. काप मिटू नये म्हणून पात्यामागे एक पातळ उभी पट्टी असते. आम्ही पाहिलेल्या बऱ्याच मशीनांवर ती काढून कोपऱ्यात टाकलेली असते. इथेही तशीच होती. ती आधी जागेवर बसवली.

राहिला प्रश्न वजनाचा. तो बैलगाडी हाकलेल्याला वेगळा सांगायला नको. कण्याच्या मागे भार जास्त झाला की गाडी उलाळते. शीटचेही तेच. ८ फुटांच्या शीटचा मध्य ४ फुटांवर. काप पूर्ण होतो तेव्हा सगळे शीट पात्याच्या पलीकडे गेलेले असते, म्हणून पात्यामागे ४ फुटांपेक्षा जास्त आधार पाहिजे. मशीनचे स्वतःचे टेबल पात्यामागे दीड फूट होते. त्याला ३ फुटांचा बाक जोडला, साडेचार फूट झाले. आता शीट उलाळत नाही आणि पलीकडे साहेबाला उभे करावे लागत नाही.

बाकाचे सामान निम्मे वाड्यातलेच. मोडक्या गाडीच्या बाभळीच्या दांड्या होत्या. वर्षानुवर्षे मुरलेले लाकूड, आता पिळणार नाही. त्यांचे पाय आणि चौकट केली. वर प्लायचा तुकडा. प्रत्येक पायाखाली लोखंडी पट्टीवर नट वेल्ड करून त्यात मोठा बोल्ट उलटा बसवला. बोल्ट फिरवला की पाय खाली-वर होतो. जमीन शेणाने सारवलेली, तेव्हा पायांखाली शहाबादी फरशीचे तुकडे घातले. टेबलाच्या कडेला अँगल बोल्टने आवळून बाक त्याला जोडला. जागा कमी असेल तर बिजागऱ्या लावून बाक खाली पाडता येतो.

सगळी मेख लेव्हलमध्ये आहे. रान बांधून पाणी देणाऱ्याला ही गोष्ट पटकन कळेल. नुसत्या पाणसळीवर विसंबू नका. मशीनच्या टेबलापासून बाकाच्या टोकापर्यंत दोरी ताणून पाहा. मागचा बाक पोस्टकार्डाच्या जाडीइतका खाली असावा. केसभर जरी वर राहिला तरी शीट त्याच्या काठाला अडते, आणि अडलेले शीट माणूस जोर लावून ढकलतो. तिथेच हात जातो. बाकाची पुढची धार रंध्याने उतरती करून घ्यावी. दोन्ही बाजूंना जोडलेल्या फळ्या मात्र टेबलाच्या बरोबरीत हव्यात. शीट टेबलावर चढवताना पुढे त्याच उंचीची एक घोडी ठेवावी.

रुंद कापासाठी मशीनची गाईडपट्टी पुरत नव्हती. एक सरळ, लांब लाकडी पट्टी दोन्ही टोकांना सी-क्लॅम्पने आवळली. माप पात्याच्या पुढच्या दातापासून घ्यावे आणि मागच्या दातापासूनही. दोन्ही सारखे हवे. पट्टी मागे आत वळलेली असेल तर शीट पुन्हा पात्यावर आवळेल. आणखी एक. पाते सुमारे ३ मिलिमीटर लाकूड खाते. चार फुटी शीटमधून दोन फुटांच्या दोन पट्ट्या निघत नाहीत, दुसरी तेवढी कमी भरते. आमच्या सभासदांचा एक कप्पा असाच हुकला. शीटची चांगली बाजू वर ठेवावी, खालच्या बाजूला प्लाय उचकटतो.

विजेबद्दल थोडे. मोटारीला आपण ऑटो स्विच लावतो, वीज आली की पंप आपोआप सुरू. तो करवतीला चुकूनही लावू नका. अर्ध्या कापात वीज गेली तर आधी स्विच बंद, मग शीटला हात. स्टार्टर असा असावा की वीज परत आल्यावर बटण दाबल्याशिवाय पाते फिरणार नाही. खांद्यावरचा टॉवेल खुंटीला टांगावा, हातमोजेही घालू नयेत. शेवटची वीतभर लाकडी काठीने ढकलावी.

मिस्त्रींनी उरलेली शीटे नंतर एकट्याने कापली. आम्ही बांधावर बसून नोंदी पुऱ्या केल्या. ज्या सभासदांना कप्प्यांच्या मांडणीची मापे हवी असतील, त्यांनी गट ऑफिसला येताना आपल्या ट्रॉलीची आतली रुंदी आणि ट्रेची लांबी मोजून आणावी.