मुलांच्या नडगीचा अस्थिभंग व शिक्षकाचे कर्तव्य

खो-खोच्या मैदानावर, चिंचेच्या झाडावरून उतरताना किंवा सायकलीवरून शाळेस येताना मुलाच्या नडगीचे हाड मोडण्याचा प्रसंग केव्हा ना केव्हा येतो. अशा वेळी डॉक्टर दूर असतात व शिक्षक जवळ असतो. म्हणून यासंबंधी आवश्यक तेवढी माहिती प्रत्येक शिक्षकास असणे अगत्याचे आहे.

मुलाचे हाड वाढते असते. त्याच्या दोन्ही टोकांजवळ कूर्चेचा एक थर असतो व हाडाची लांबी तेथूनच वाढते. मुलींत सुमारे चौदाव्या व मुलांत सुमारे सोळाव्या वर्षी या थराचे हाड बनते. वाढत्या वयामुळे मुलांचे हाड मोठ्यांपेक्षा लवकर सांधते, हे खरे; परंतु त्या थरास इजा झाल्यास पाय आखूड वा वाकडा होण्याचा संभव असतो. म्हणून क्ष-किरण छायाचित्र घेतल्याविना उपचार करणे योग्य नव्हे.

बहुतेक मुलांस शस्त्रक्रिया लागत नाही. हाड सरळ करून मांडीपासून पावलापर्यंत प्लास्टर घालतात. प्राथमिक शाळेतील मुलाचे हाड बहुधा ६ ते ८ आठवड्यांत व किशोरवयीनाचे १० ते १२ आठवड्यांत सांधते. हाड जागेवर राहत नसेल, तर वाढीचा थर टाळून लवचीक सळ्या बसवितात.

अपघात होताच मुलास उभे करू नये, पाय चोळू अगर ओढू नये. गुडघ्याच्या वरपर्यंत व घोट्याच्या खालपर्यंत पोहोचेल अशी फळी कापडात गुंडाळून पायास बांधावी. गाठ मोडलेल्या जागेवर नसावी. फळी नसल्यास मध्ये कापडाची घडी ठेवून तो पाय दुसऱ्या पायास बांधावा. जखम असल्यास स्वच्छ कापडाने झाकावी. बाहेर आलेले हाड आत ढकलू नये. भूल द्यावी लागण्याचा संभव असल्याने मुलास खाण्यापिण्यास देऊ नये. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व पालकांस निरोप धाडावा.

पुष्कळ पालक प्रथम हाड बसविणाऱ्या वैदूकडे जाऊ इच्छितात. त्यांची निर्भर्त्सना न करता कारण समजावून द्यावे. मोडल्यानंतर पायास सूज चढते. कामट्यांनी पाय आवळून बांधल्यास सुजेस जागा उरत नाही, रक्तप्रवाह खुंटतो व काही तासांतच आतील मांस मरू लागते. अशा स्थितीत पाय कापावा लागण्याची वेळ येऊ शकते. हा धोका प्लास्टरमध्ये, किंवा काहीही न बांधतादेखील, उद्भवू शकतो. औषध देऊनही वेदना वाढत जाणे, बोटे हलविताच असह्य कळ येणे, बोटे बधिर, थंड, फिकट वा निळसर होणे, ही त्याची लक्षणे होत. ती दिसताच आवळलेले बंधन सैल करून मुलास तत्काळ रुग्णालयात न्यावे. सकाळपर्यंत वाट पाहू नये.

प्लास्टर घातलेला विद्यार्थी शाळेत आल्यावर त्याचा पाय उंच ठेवण्याची सोय करावी. प्लास्टर भिजू देऊ नये व खाज सुटली तरी आत काडी घालू देऊ नये. येणे शक्य नसेल तर पाठ घरी पोहोचवावेत. प्लास्टर काढल्यावरही डॉक्टरांच्या अनुमतीविना त्यास खेळास उतरवू नये. सांधलेले हाड पूर्ववत बळकट होण्यास आणखी काही काळ लागतो.