उंदीर पडले तेव्हा औषध चालत होतं

बीड जिल्ह्यातलं मामला हे काही सहज आठवावं असं गाव नाही. पण १९९४ च्या पावसाळ्यात जगभरच्या आरोग्य यंत्रणांच्या कागदांत ते जाऊन बसलं. आधी तिथे पिसवांचा उपद्रव वाढला. घरांत उंदीर मरून पडू लागले. ऑगस्ट सरता सरता माणसांना ताप भरायला लागला, जांघेत आणि काखेत दुखऱ्या गाठी दिसू लागल्या. देशात १९६६ नंतर प्लेगच्या रुग्णाची नोंद नव्हती. म्हणजे दवाखान्यांत बसलेल्या डॉक्टरांच्या एका अख्ख्या पिढीने हा रोग फक्त पुस्तकात पाहिलेला. आपल्याकडची जुनी माणसं उंदीर पडू लागले की घराला कुलूप घालून रानात राहायला जात. ते शहाणपण तोवर आठवणीपुरतं उरलं होतं.

प्लेगचा जिवाणू मुळात उंदरांचा आणि पिसवांचा. उंदीर मेला, त्याचं अंग गार पडलं की पिसवा दुसरं गरम अंग शोधतात. घरात दुसरा उंदीर मिळाला नाही तर माणूस असतोच. पिसू बहुधा पायाला चावते, म्हणून गाठ जांघेत येते. १९९४ मध्येच हे का घडलं, याची तज्ज्ञांनी केलेली मांडणी अशी: आधीच्या वर्षी, ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भूकंप झाला. लोकांनी तडे गेलेली घरं सोडली आणि धान्य मागे राहिलं. मोकळ्या घरांत भरल्या कणग्या म्हटल्यावर उंदरांची चंगळ झाली. त्यांची संख्या फुगली आणि रानातल्या उंदरांमध्ये गुपचूप टिकून राहिलेला जिवाणू घरातल्या उंदरांपर्यंत पोचला.

सप्टेंबरच्या उत्तरार्धात सुरतेत फुप्फुसाचा प्लेग उफाळला. तो पिसवेची वाट पाहत नाही, खोकल्यातून पसरतो. बीडमधूनच तो तिकडे गेला, असं ठामपणे सिद्ध झालेलं नाही. काही दिवसांत लाखो माणसांनी सुरत सोडली. टेट्रासायक्लीन या अँटिबायोटिकसाठी औषधांच्या दुकानांसमोर झुंबड उडाली, कॅप्सूल मिळेनाशा झाल्या. ताप नसलेल्यांनीही त्या गिळल्या, खिशात भरल्या, गावाकडे नेल्या. परदेशांनी विमानं थांबवली, निर्यात अडली. देशभरात मृत्यू साठीच्या आतच राहिले. पण तो जिवाणू प्लेगचाच होता का, यावर शास्त्रज्ञांचे वाद पुढे बरेच चालले. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी व रेणू जीवशास्त्र केंद्रातल्या संशोधकांनी जनुकीय पुराव्याने त्यावर शिक्कामोर्तब केलं तेव्हा २००० साल उजाडलं होतं. रोग महिन्यात आला आणि गेला, ओळख पटायला सहा वर्षं लागली.

या कहाणीतली मला सर्वात महत्त्वाची वाटणारी गोष्ट मात्र बातम्यांत फारशी आलीच नाही. औषध चाललं. उपचार न झालेल्या गाठीच्या प्लेगमध्ये ३० ते ६० टक्के रुग्ण दगावतात, फुप्फुसाच्या प्लेगमधून तर जवळपास कुणी वाचत नाही. आपल्या हाताशी होतं ते स्ट्रेप्टोमायसीनचं इंजेक्शन आणि टेट्रासायक्लीनची स्वस्त कॅप्सूल, एक १९४० च्या दशकातलं औषध, दुसरं १९५० च्या. जिवाणूला त्यांचा प्रतिकार माहीत नव्हता, म्हणून आपण सुटलो.

पुढच्याच वर्षी, १९९५ मध्ये, मादागास्करमध्ये गाठीच्या प्लेगचा १६ वर्षांचा एक रुग्ण सापडला. त्याच्या शरीरातल्या जिवाणूवर स्ट्रेप्टोमायसीन, टेट्रासायक्लीन, क्लोरॅम्फेनिकॉल, अँपिसिलिन अशी प्लेगवरची जवळजवळ सगळी नेहमीची औषधं निष्प्रभ ठरत होती. मुलगा बचावला. पण १९९७ साली ही नोंद प्रसिद्ध झाली तेव्हा वैद्यकविश्व हादरलं. प्रतिकाराची सगळी जनुकं डीएनएच्या एका छोट्या सुट्या कड्यावर, प्लाझ्मिडवर होती. प्लाझ्मिड हा प्रकार जिवाणू एकमेकांना हातोहात देतात, तेही जातपात न पाहता. ई. कोलायसारखा आपल्या आतड्यातला नेहमीचा रहिवासी तो दुसऱ्याच जातीच्या जिवाणूला देऊ शकतो. २००२ मध्ये प्रयोगशाळेत हेही दिसलं की पिसवेच्या पोटात ई. कोलाय आणि प्लेगचे जिवाणू एकत्र राहिले, तर तीन दिवसांत प्रतिकाराची जनुकं प्लेगच्या जिवाणूकडे पोचतात.

म्हणून साथीची तयारी म्हणजे व्हेंटिलेटर, ऑक्सिजनचे प्रकल्प आणि विलगीकरणाच्या खाटा एवढंच मानणं मला अपुरं वाटतं. जुनं, स्वस्त औषध अजून लागू पडतं, हाही साठाच आहे. तो कुठल्या गोदामात नसतो, तुमच्या-आमच्या आतड्यांतल्या आणि जनावरांच्या अंगातल्या जिवाणूंमध्ये असतो. आणि तो रोज थोडा थोडा खर्च होतो.

बीडमध्ये तो कसा खर्च होतो, हे पाहायला उसाच्या फडात जावं लागतं. दसरा-दिवाळीच्या सुमाराला जिल्ह्यातून लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेली उचल फेडायची, म्हणून पहाटे अंधारात फडात शिरायचं, दिवसभर तोडायचं, मोळ्या डोक्यावरून गाडीत भरायच्या. राहायला पाचटाची नाहीतर ताडपत्रीची कोपी. संडास नाही, पाणी लांब. एक दिवस आजारी पडलं की खाडा, आणि खाड्याचे पाचशे ते हजार रुपये अनेक ठिकाणी उचलीत धरले जातात. अशा माणसाला ताप आला तर तो दवाखान्यात जाऊन लघवीची तपासणी करून दोन दिवस अहवालाची वाट पाहील का? तो जवळच्या बाजारात जाईल, 'पावरची गोळी द्या' म्हणेल, दोन दिवसांच्या गोळ्या घेईल. बरं वाटलं की उरलेल्या गोळ्या शेजारच्या कोपीत कुणाला तरी उपयोगी पडतील. कागदावर अशी विक्री बेकायदा आहे. मार्च २०१४ पासून एच-१ यादीतली अँटिबायोटिक्स डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, दुकानदाराने विक्रीची वेगळी वही तीन वर्षं जपायची आहे. शहरातही ती वही कोण उघडून बघतं? मग फडाशेजारच्या फाट्यावरच्या दुकानाची काय कथा.

बायकांचं दुखणं आणखी खोल आहे. आडोसा नाही म्हणून दिवसभर लघवी दाबून ठेवायची, त्यासाठी पाणीच कमी प्यायचं. पाळीच्या दिवसांतही मोळ्या उचलायच्या. मूत्रमार्गाच्या संसर्गाला याहून पोषक परिस्थिती नाही, कारण एरवी लघवीच्या प्रवाहाबरोबर वाहून जाणाऱ्या ई. कोलायला मूत्राशयात मुक्कामच मिळतो. तो दर २० मिनिटांनी दुप्पट होऊ शकतो. 'अंगावर पांढरं जातं', 'ओटीपोट दुखतं' अशा तक्रारी घेऊन दवाखान्यात गेलेल्या कितीतरी बायकांना बीडमध्ये मिळालेलं उत्तर होतं, पिशवी काढून टाका. हा विषय २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला. आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या सर्वेक्षणात १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं, म्हणजे दर सहा जणींमागे एक. चौथ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातलं प्रमाण सुमारे ३ टक्के होतं. दोन्ही पाहण्यांचे वयोगट वेगळे आहेत, हे धरूनही अंतर डोळ्यांत भरतं.

या प्रकरणाची चर्चा शोषण आणि नफेखोरी या अंगाने झाली, ते योग्यच होतं. संसर्गाच्या अंगाने ती फारशी झाली नाही. यातल्या कितीतरी तक्रारी नेमक्या तपासणीने आणि नेमक्या औषधाने आटोक्यात येण्याजोग्या असतात. ती तपासणी नसली की दोनच वाटा उरतात. एक, अंदाजाने एकामागून एक अँटिबायोटिक. दुसरी, शस्त्रक्रिया. आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या जाळ्यातल्या मोठ्या रुग्णालयांत सापडणाऱ्या ई. कोलायपैकी बहुतेकांवर आता सिप्रोफ्लॉक्सासिन चालत नाही. पण ही माहिती मोठ्या रुग्णालयांत पोचलेल्या रुग्णांची आहे. कोपीतल्या बाईच्या मूत्राशयातला जिवाणू या आकडेवारीत सहसा नसतोच.

'अर्धवट कोर्स करतात म्हणून प्रतिकार वाढतो' हे वाक्य आपण इतकं घोकलं आहे की दोष आपोआप मजुराच्या माथी जातो. विज्ञान आता तितकं सरळ बोलत नाही. पुष्कळ साध्या संसर्गांत थोड्या दिवसांचा कोर्स पुरतो, असं अभ्यासांतून दिसलं आहे. गोळी जितके जास्त दिवस घ्याल तितका आतड्यातल्या निरुपद्रवी जिवाणूंवर जास्त दाब येतो, आणि त्यातूनच प्रतिकारवाले निवडले जातात. म्हणजे गरज नसताना घेतलेली पहिली गोळी ही शेवटच्या न घेतलेल्या गोळीइतकीच महाग पडते, कधी कधी जास्त. डॉक्टरांनी सांगितलेला कोर्स आपल्या मनाने तोडू नये, हे खरंच. पण ते औषध मुळात हवं होतं का, हा प्रश्न त्याआधीचा.

क्षयरोग मात्र याला ठळक अपवाद. तिथे साध्या क्षयालाही सहा महिने गोळ्या लागतात, कारण त्याचा जिवाणू अत्यंत सावकाश वाढतो आणि काही जिवाणू दीर्घकाळ झोपून राहतात. सहा महिने म्हणजे साधारण एक गाळप हंगाम. कुणाला सप्टेंबरात निदान झालं तर गोळ्या बीडच्या केंद्रात आणि माणूस सांगलीच्या किंवा बेळगावच्या फडात. सरकारच्या निक्षय प्रणालीत रुग्णाची नोंद देशात कुठेही हलवता येते, सोय चांगली आहे. पण ती हलवायला रुग्ण आता कुठे आहे हे कुणाला तरी ठाऊक हवं. मध्येच तुटलेल्या उपचारांतून रिफॅम्पिसिन या मुख्य औषधाला न जुमानणारा क्षय तयार होतो आणि तो कोपीत शेजारी झोपलेल्याला तसाच लागतो. रिफॅम्पिसिनचा प्रतिकार दोनेक तासांत ओळखणारी यंत्रं आता आहेत. त्यातलं ट्रूनॅट तर शेजारच्या गोव्यात बनतं, बॅटरीवर चालतं. म्हणजे ते साखर कारखान्याच्या आवारात नेऊन ठेवायला तांत्रिक अडचण नाही.

कोविडने हे सगळं एकदम उघडं पाडलं. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत फडांवर अडकलेल्या लाखाहून जास्त ऊसतोड कामगारांना तपासून गावी सोडण्याचा निर्णय घ्यावा लागला. वर्षभराने दुसऱ्या लाटेत अंबाजोगाईत २२ मृतदेह एकाच रुग्णवाहिकेतून स्मशानात न्यावे लागले. ज्या गावात १९७० च्या दशकापासून ग्रामीण भागासाठीचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथली ही गोष्ट. रुग्णवाहिका कमी पडल्या हे सगळ्यांना दिसलं. औषधांची उधळण दिसली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार रुग्णालयात दाखल झालेल्या कोविड रुग्णांपैकी सुमारे ८ टक्क्यांनाच जोडीला जिवाणूंचा संसर्ग होता, अँटिबायोटिक दिलं गेलं ते मात्र सुमारे ७५ टक्क्यांना. विषाणूवर त्याचा काडीचा उपयोग नसतो. भारतात २०२० च्या जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत नेहमीपेक्षा अंदाजे २१.६ कोटी जास्त मात्रा खपल्या, असं एका अभ्यासाचं गणित आहे. सुरतेच्या टेट्रासायक्लीनची ही मोठी आवृत्ती, या वेळी डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. एका साथीत आपण पुढच्या साथीचं औषध खर्च करतो, ते असं.

१९९४ नंतर काही बदललंच नाही असं नाही. त्या फजितीमुळे आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम बदलण्याची चर्चा जोरात सुरू झाली आणि २००५ मध्ये ते बदलले. भारतात २००४ पासून रोगसर्वेक्षणाचा एकात्मिक कार्यक्रम आहे, उपकेंद्रापासून दिल्लीपर्यंत आकडे जातात. पण हे सर्वेक्षण गावाला बांधलेलं आहे आणि बीडचा मोठा हिस्सा सहा महिने गावात नसतो. ज्या आशाताईला घर न् घर ठाऊक, तिच्या वाडीवर तेव्हा म्हातारी माणसं उरलेली असतात. फडाजवळच्या आशाताईच्या यादीत ही कोपी बहुतेकदा नसते.

यादी आहे ती मुकादमाकडे. कुठला कोयता कुठल्या टोळीत, कुठल्या कारखान्यावर, किती उचलीवर, हे त्याच्या वहीत चोख असतं. ती वही आरोग्य खात्याने मिळवावी, असं सुचवणं सोपं आहे. पण आजाराची नोंद मुकादमापर्यंत उलटी पोचली तर कोयता टोळीतून वगळला जाईल आणि उचल परत मागितली जाईल, या भीतीने माणूस खोकला लपवेल. म्हणून देवाणघेवाण एकाच दिशेने व्हायला हवी, आणि खाड्याची भरपाईही हवी. क्षयरुग्णाला सरकार आहारासाठी महिन्याला १,००० रुपये देतं, नोव्हेंबर २०२४ पर्यंत ते ५०० च होते. जानेवारी २०२४ च्या करारानुसार ऊसतोडीचा दर टनाला ३६६ रुपयांच्या आसपास ठरला. एक कोयता दिवसाला दीड-दोन टन तोडतो. १,००० रुपयांत त्याचे दोन खाडे भरून निघत नाहीत.