पिल्लाच्या उंचीवरची हवा

थंडीत नांदगाव-मनमाडच्या माळावर पारा उतरला की पोल्ट्रीवाले शेडचे पडदे गच्च लावून घेतात. ते चुकीचं नाही. पहिल्या आठवड्यातलं पिल्लू अंगाची ऊब स्वतः राखू शकत नाही. पण त्याच बंद शेडमध्ये तुसाच्या गादीतून रात्रभर अमोनिया निघत राहतो. कोंबडीला वेगळी लघवी नसते. नको असलेला नायट्रोजन ती युरिक आम्लाच्या रूपात विष्ठेतच टाकते आणि ओल मिळताच जिवाणू त्याचा अमोनिया करतात.

या वायूने डोळे झोंबतात, पक्षी घुरघुरतात, हे पाळणाऱ्यांना ठाऊक असतं. मात्र नुकसान श्वासनलिकेपाशी थांबत नाही, ते पक्ष्याच्या रोगप्रतिकारशक्तीपर्यंत पोचतं.

पक्ष्याच्या गुदद्वाराच्या वरच्या अंगाला एक लहानशी पिशवी असते, बर्सा. पादुआचे शरीरशास्त्रज्ञ फॅब्रिशियस यांनी केलेलं तिचं वर्णन त्यांच्या मृत्यूनंतर, १६२१ मध्ये छापलं गेलं. ती कशासाठी असते, हे पुढे तीनशेहून अधिक वर्षं कोणालाच सांगता आलं नाही. मग अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात टिमोथी चँग यांना विद्यार्थ्यांपुढे प्रतिपिंडांचं प्रात्यक्षिक करायचं होतं. त्यांनी ब्रूस ग्लिक यांच्याकडच्या कोंबड्या नेल्या. त्यांतल्या काहींची बर्सा पूर्वीच काढलेली होती. साल्मोनेला टोचूनही त्यांच्यात प्रतिपिंडं जवळपास तयारच झाली नाहीत! हे निष्कर्ष १९५६ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रतिपिंडं बनवणाऱ्या 'बी' पेशी याच पिशवीत घडतात, हे त्यातून पुढे उलगडलं.

अमोनिया किंवा हायड्रोजन सल्फाइड मिसळलेल्या हवेत ब्रॉयलर वाढवून केलेल्या अभ्यासांत बर्सा, मानेतली थायमस ग्रंथी आणि प्लीहा या तिन्ही अवयवांत दाह आणि पेशींचा मृत्यू दिसला आहे. शिवाय पक्ष्यावर दीर्घकाळ ताण आला की रक्तात कॉर्टिकोस्टेरॉन वाढतं, आणि या संप्रेरकाने थायमस व बर्सा आक्रसतात.

सारा प्रश्न वेळेचा आहे. ब्रॉयलर साधारण सहा आठवड्यांत बाजारात जातो. मानमोडीवरची लासोटा आणि गंबोरो रोगावरची अशा लशी त्याला पहिल्या काही आठवड्यांतच मिळतात आणि बर्साही तेव्हाच जोमाने काम करत असते. त्यात गंबोरोचा विषाणू नेमका बर्सावरच हल्ला करतो. लस चांगली, थंड साखळी नीट सांभाळलेली, तरी प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी घडवणारा अवयवच दुबळा असेल तर ती पुरती लागू होत नाही. अमोनियात ठेवलेल्या कोंबड्यांना मानमोडीची लागण अधिक होते, हे तर १९६४ मध्येच प्रयोगाने दाखवलं गेलं. तिथे अमोनियाचं प्रमाण हवेच्या दहा लाख भागांत अवघं २० भाग होतं. शेडसाठी मर्यादा सहसा २५ भागांची सांगितली जाते.

नाकावर भिस्त ठेवू नये. रोज शेडमध्ये वावरणाऱ्याचं नाक या वासाला सरावतं. शिवाय वायू गादीतून निघतो आणि पिल्लू गादीला नाक लावून जगतं. म्हणून वास घ्यायचा तो बाहेरून आल्या आल्या, खाली बसून. थंडीतही छताजवळ पडद्याची फट मोकळी हवी. पाण्याचं निपल गळत असेल तर त्याखालचं ओलं तूस उचलून टाकावं.

ओल्या गादीवर सर्रास चुना भुरभुरतात. त्याने वरचा थर कोरडा दिसतो, पण गादीचा अल्कधर्मीपणा वाढतो आणि अडकलेला अमोनिया उलट जास्त सुटतो. पक्षी आत असताना हे टाळावं. अमोनिया बांधून ठेवायला आम्लधर्मी पदार्थ लागतो. काही देशांत त्यासाठी गादीत अ‍ॅल्युमिनियम सल्फेट मिसळतात.